ओउलूला बिऱ्हाड हलवताना थंडीच्या आधी दिव्यांची सोय करा

प्रश्न थोडक्यात असा आहे. नवऱ्याला फिनलंडच्या उत्तरेकडच्या ओउलू शहरात टेलिकॉममध्ये नोकरी लागली आहे. तो ऑक्टोबरात पुढे येणार, आणि विचारणाऱ्या ताई चार वर्षांच्या मुलीला घेऊन जानेवारीत पुण्याहून निघणार. पुण्यातून कपडे काय घ्यावेत, घरात हीटर किती लागतील, उणे 30 मध्ये मुलीचं कसं व्हायचं आणि स्वयंपाकाचं काय न्यावं, एवढं त्यांना हवंय.

मी इथे नव्याने आलेल्या कुटुंबांची घरं, कागदपत्रं आणि मुलांच्या शाळा मार्गी लावून देण्याचं काम करते. प्रश्न वाचला की लगेच लक्षात येतं की सगळी भीती थंडीची आहे. ते साहजिकही आहे, पण थंडी हा इथल्या लोकांनी केव्हाच सोडवून ठेवलेला प्रश्न आहे. घरं उबदार असतात, बस उबदार असतात, दुकानात शिरलं की जॅकेट काढावं लागतं. नवीन माणसाला खरा त्रास होतो तो चार गोष्टींचा: कागदपत्रांचा क्रम चुकणं, अंधाराने झोपेची घडी विस्कटणं, पायाखालचं बर्फ आणि घरातली कोरडी हवा. यांतली एकही पुण्यातल्या दुकानात सोडवता येत नाही. काही बाबी मात्र तुमच्या परिस्थितीवर ठरतील. परवाना कोणत्या प्रकारचा आहे, घर इमारतीत आहे की रांगेतलं स्वतंत्र, कंपनी किती मदत करते, आणि त्या वर्षी हिवाळा कसा निघतो. जानेवारीचं सरासरी तापमान उणे 10 च्या आसपास असतं. उणे 25 ते 30 चे दिवस येतात, पण ते मोजकेच.

आधी कागदपत्रं, कारण ते काम पुण्यातच सुरू करायचं आहे. इथे सगळं एका साखळीत अडकलेलं असतं. निवास परवाना, मग लोकसंख्या नोंदणी कार्यालयात स्वतः हजर राहून नोंदणी, त्यातून वैयक्तिक ओळख क्रमांक आणि तुम्ही या नगरपालिकेचे रहिवासी असल्याची नोंद, मग बँक खातं, आणि शेवटी बँकेचे ऑनलाइन ओळखीचे कोड. (ओळख क्रमांक कधी कधी परवान्याबरोबरच मिळतो, पण रहिवासी नोंद वेगळी करावीच लागते.) खरी किल्ली हे शेवटचे कोड. कर, केला ही सामाजिक विमा संस्था, दवाखान्याची वेळ, पाळणाघराचा अर्ज, वीजजोडणी, सगळीकडे त्याच कोडने आत शिरायचं असतं. म्हणून नवऱ्याचे कोड आले म्हणजे घराचं काम झालं असं समजू नका. तुमचं स्वतःचं खातं आणि तुमचे स्वतःचे कोड लागतील. ते येईपर्यंत काही आठवडे जाऊ शकतात, तेवढ्या काळाचे पैसे भारतीय कार्डवर हाताशी ठेवा. नवऱ्याने पहिल्या आठवड्यात करायचं काम म्हणजे टॅक्स कार्ड, म्हणजे पगारातून किती टक्के कर कापायचा ते सांगणारा कागद, काढून कंपनीला देणं. कार्ड न दिल्यास पगारातून 60 टक्के कर कापतात. नंतर तो परत मिळतो, पण पहिल्या महिन्याचं घरभाडं आणि घराची अनामत याच काळात भरायची असते. अनामत कायद्याने जास्तीत जास्त 3 महिन्यांच्या भाड्याइतकी घेता येते.

नोंदणीसाठी विवाह प्रमाणपत्र आणि मुलीचा जन्मदाखला अपोस्टिल केलेला, म्हणजे परदेशात ग्राह्य धरला जाईल असा साक्षांकित, लागतो. आधी राज्य पातळीवरचं साक्षांकन, मग परराष्ट्र मंत्रालयाचा अपोस्टिल शिक्का. दाखल्यावर फक्त मराठी मजकूर असेल तर इंग्रजी भाषांतरही करून घ्या. हे काम इथे येऊन करायचं म्हटलं तर पुण्यातल्या सासऱ्यांना हेलपाटे घालावे लागतात, आणि तोवर नोंदणी कार्यालयाच्या लेखी तुमचं लग्न झालेलंच नसतं.

आपल्याकडच्या नावांचा एक खास घोळ आहे. मराठी पद्धतीत मधलं नाव वडिलांचं किंवा नवऱ्याचं असतं, आणि बऱ्याच पासपोर्टांत ते पहिल्या नावाच्याच रकान्यात लिहिलेलं असतं. इथली यंत्रणा पासपोर्ट जसाच्या तसा उचलते, त्यामुळे नवऱ्याचं नाव हे तुमचंच दुसरं नाव म्हणून नोंदलं जातं. नेउवोलात, म्हणजे बालआरोग्य केंद्रात, नर्सने तुम्हाला नवऱ्याच्या नावाने हाक मारली तर दचकू नका. नोंदणीच्या वेळीच हाक मारण्याचं नाव कोणतं ते सांगता येतं, ते सांगून ठेवा. याहून गंभीर प्रकार म्हणजे विवाह प्रमाणपत्रावर माहेरचं आडनाव, पासपोर्टवर सासरचं, आणि मुलीच्या दाखल्यावर आईचं नाव तिसऱ्याच स्पेलिंगने. तिकीट काढण्यापूर्वी तिन्ही कागद शेजारी ठेवून एकेक अक्षर जुळवा.

आता घर. भाड्याचं घर इथे मोकळं मिळतं. फ्रिज, शेगडी आणि ओटा असतो, बाकी काही नाही. बहुतेक घरांत छताला दिवेसुद्धा नसतात. छताला एक आकडा आणि त्याशेजारी एक खास चपटी खाच असलेलं सॉकेट असतं, दिवा भाडेकरूने आणायचा आणि सोडताना घेऊन जायचा. ऑक्टोबरअखेर संध्याकाळी पाचच्या सुमारास अंधार पडायला लागतो, आणि नवरा किल्ली घेऊन दार उघडेल तेव्हा फक्त न्हाणीघरात आणि ओट्याच्या वर उजेड असेल. पहिल्या दिवशी गादीच्या आधी दोन उभे दिवे आणि एक छताचा दिवा घ्यायला सांगा. छताच्या दिव्याच्या वायरला योग्य पिन जोडलेली आहे ना ते दुकानातच बघावं. कपडे धुण्याचं यंत्र लगेच घ्यायची घाई नको. पुष्कळ इमारतींत तळमजल्यावर सामायिक धुण्याची खोली आणि वाळवायची खोली असते, पाळी लावून वापरता येते.

हीटर एकही घेऊ नका. इमारतीतल्या घरांत गरम पाण्यावर चालणारे रेडिएटर असतात आणि उष्णतेचा खर्च सहसा भाड्यातच धरलेला असतो. वीज मात्र वेगळी, आणि तिचा करार स्वतः करायचा. पहिल्या हिवाळ्यासाठी स्थिर दराचा करार घ्या. बाजारभावाने बदलणारा दर वर्षाकाठी स्वस्त पडू शकतो, पण कडाक्याच्या थंडीत तो कसा उसळतो ते जानेवारी 2024 मध्ये सगळ्यांनी पाहिलं. काही तासांसाठी घाऊक दर एका युनिटला दीड युरोच्याही वर गेला होता.

रेडिएटरच्या बाबतीत नवीन माणूस हमखास दोन गोष्टी करतो. एक म्हणजे रेडिएटरला हात लावून तो थंड लागला की बिघडलाय म्हणून तक्रार. खोली ठरलेल्या तापमानाला पोचली की थर्मोस्टॅट गरम पाणी बंद करतो, म्हणजे रेडिएटर थंड असणं हे तो नीट चालल्याचं लक्षण आहे. हात न लावता भिंतीवरच्या तापमापकाकडे बघा, 20 ते 22 अंश असेल तर सगळं ठीक. रेडिएटरसमोर सोफा किंवा जाड पडदा आला तर थर्मोस्टॅटभोवती ऊब कोंडते, त्याला वाटतं खोली तापली, आणि पलीकडे तुम्ही शाल पांघरून बसता.

दुसरी गोष्ट जास्त नुकसानीची. खिडकीच्या वर किंवा चौकटीत हवा आत घ्यायची एक अरुंद फट असते. तिच्यातून गार वारा येतो म्हणून लोक त्यात फडकं कोंबतात. न्हाणीघरातलं आणि ओट्यावरचं धुराडं घरातली हवा सतत बाहेर ओढत असतं. तेवढीच हवा कुठून तरी आत यायला हवी. फट बंद केली की ती दाराच्या सांध्यातून, जिन्यातून, शेजाऱ्याच्या घरातून ओढली जाते. शेजाऱ्याच्या तळलेल्या माशाचा वास तुमच्या बेडरूममध्ये, तुमच्या फोडणीचा वास जिन्यात, आणि खिडकीच्या काचेवर आतून पाण्याचे थेंब. पुढची पायरी बुरशीची. फट उघडीच ठेवा आणि मुलीचं अंथरूण फटीच्या अगदी खाली लावू नका, एवढं पुरे.

फोडणीचं विचारलं नाहीत तरी सांगते, कारण शेजाऱ्यांच्या तक्रारी त्यावरूनच येतात. इमारतीत ओट्यावरचं धुराडं मध्यवर्ती वायुवीजनाला जोडलेलं असतं, त्यावर टायमरची खुंटी असते. तेल तापवायच्या आधी ती फिरवायची, धूर झाल्यावर नाही. तेलाची जाळी महिन्यातून एकदा काढून गरम पाण्यात भांड्याच्या साबणाने धुवा, ती तुंबली की खेच निम्म्यावर येते. जॅकेटं उघड्या खुंटीवर टांगायची सवय मोडा, ती बंद कपाटात ठेवा. लोकरीत आणि जॅकेटच्या भरणात हिंगाचा वास बसला की आठवडाभर हलत नाही.

बाहेरची थंड हवा घरात येऊन तापली की तिच्यातला दमटपणा अगदी कमी होतो. कडक थंडीत घरातली आर्द्रता 20 टक्क्यांच्या खाली जाते. मुलांच्या नाकातून रक्त येतं, टाचा फुटतात, झोपेत घसा कोरडा पडतो. यावर उपाय साधे आहेत. खोलीचं तापमान 21 च्या पुढे नेऊ नका, धुतलेले कपडे बेडरूममध्ये वाळत घाला, आणि आंघोळीनंतर अंग ओलसर असतानाच जाड मलम लावा. इथल्या औषधाच्या दुकानात मोठ्या डब्यात बिनवासाचं साधं मलम मिळतं, तेच घ्या. साबण कमी, रोज डोक्यावरून आंघोळ बंद. खोबरेल तेल चालतं, पण नुसत्या तेलाने कोरडेपणा जात नाही, तेल मलमाच्या वर लावा.

अंधाराबद्दल आकडे माहीत असले की भीती कमी होते. ओउलू 65 अक्षांशावर आहे, आर्क्टिक वृत्ताच्या दक्षिणेला, त्यामुळे सूर्य रोज उगवतो. डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात तो सकाळी साडेदहाला येतो आणि दोनच्या सुमारास जातो, आणि भर दुपारीही क्षितिजाच्या जेमतेम दीड अंश वर असतो, म्हणजे समोर इमारत असेल तर दिसतच नाही. तुम्ही जानेवारीच्या सुरुवातीला आलात तर चार तासांचा दिवस असेल, महिनाअखेर तो साडेसहा तासांच्या पुढे जातो. मार्चमध्ये दिवस रोज सहा ते सात मिनिटांनी वाढतो. ताई, तुमची वेळ चांगली आहे. तुमच्या नवऱ्याच्या वाट्याला मात्र नोव्हेंबर आलाय, आणि नोव्हेंबर हा इथला सर्वांत वाईट महिना. दिवस भराभर आटत असतो, बर्फ टिकलेलं नसतं, सगळीकडे काळा ओला डांबरी रस्ता. बर्फ एकदा टिकलं की रस्त्यावरच्या दिव्यांचा उजेड त्यावरून परावर्तित होतो आणि तीच संध्याकाळ सुसह्य होते. त्या महिन्यात तो फोनवर चिडचिडा वाटला तर नोकरीला दोष द्यायच्या आधी त्याला विचारा की उठतो किती वाजता.

कारण बिघडतं ते झोपेच्या वेळापत्रकापासून. उजेड नसला की शरीराचं घड्याळ मागे सरकत जातं, रात्री झोप येत नाही, सकाळी उठवत नाही. रविवारी अकरापर्यंत लोळलं की दिवसाच्या उजेडाचा वेळ झोपेतच संपतो. म्हणून उठायची वेळ सातही दिवस एकच ठेवा. 10,000 लक्सचा (लक्स म्हणजे उजेड मोजायचं एकक) प्रकाशदिवा घ्या आणि उठल्यावर पहिल्या तासात अर्धा तास त्याच्यासमोर नाश्ता करा. दिव्यात टक लावून बघायचं नाही, तो समोर किंवा किंचित बाजूला, यंत्रावर लिहिलेल्या अंतरावर असला पाहिजे, कारण दुप्पट लांब ठेवला तर उजेड साधारण चौथ्या हिश्श्यावर येतो. 2,500 लक्सचा स्वस्त दिवा घेतलात तर तेवढ्याच परिणामासाठी दोन तास बसावं लागेल, आणि तेवढा वेळ सकाळी कोणाकडेच नसतो. संध्याकाळी हा दिवा लावू नका, झोप आणखी लांबेल. डोळ्याच्या पडद्याचा विकार किंवा बायपोलर असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. शिवाय दुपारी अकरा ते एकच्या दरम्यान वीस मिनिटं तरी बाहेर पडा, ढग असले तरी.

ड जीवनसत्त्वाचा गोंधळ नेहमी होतो, कारण आपल्याकडे आठवड्याला 60,000 युनिटची पुडी घ्यायची पद्धत आहे आणि इथे रोज मायक्रोग्रॅममध्ये मोजतात. 1 मायक्रोग्रॅम म्हणजे 40 युनिट. इथल्या शिफारशीनुसार 2 ते 17 वर्षांच्या मुलांना वर्षभर रोज 7.5 मायक्रोग्रॅम, म्हणजे 300 युनिट. मोठ्यांना, दूध-मासे रोजच्या जेवणात नसतील तर, ऑक्टोबर ते मार्च रोज 10 मायक्रोग्रॅम. इथल्या दुधात 100 मिलीला साधारण 1 मायक्रोग्रॅम मुळातच घातलेलं असतं. पुण्यात तुमची पातळी कमी निघालेली असेल आणि डॉक्टरांनी मोठा डोस दिला असेल तर तो पूर्ण करा, पण इथल्या गोळ्या आणि तिकडच्या पुड्या एकदम सुरू ठेवू नका. नेहमीची इतर औषधं असतील तर चिठ्ठीसह जास्तीत जास्त 3 महिन्यांची आणता येतात.

आता कपडे. पुण्यातून जाड जॅकेट आणू नका. तिथे मिळतात ती हिमाचलच्या सहलीसाठी असतात, आणि इथल्या किर्पुतोरी म्हणजे जुन्या वस्तूंच्या दुकानांत मुलांचे उत्तम स्थितीतले बर्फाचे पोशाख नव्याच्या निम्म्याहून कमी किमतीत मिळतात. मुलं एका हिवाळ्यात कपडे लहान करून टाकतात, म्हणून माल चांगला असतो. नवऱ्याला डिसेंबरातच मुलीच्या उंचीपेक्षा 6 ते 10 सेंटिमीटर मोठा पोशाख घेऊन ठेवायला सांगा, इथे माप वयावर नसतं, उंचीच्या सेंटिमीटरमध्ये असतं. विमानतळ ते घर एवढ्यासाठी मुलीला आतून थर्मल, वर फ्लीस, आणि नवऱ्याने विमानतळावर आणलेला पोशाख पुरतो.

थरांमागचं कारण समजलं की चूक होत नाही. आतला थर घाम अंगापासून दूर न्यायला असतो, म्हणून लोकर किंवा सिंथेटिक, सुती कधीच नाही. सुती बनियन एकदा घामाने ओला झाला की ओलाच राहतो आणि अंगातली ऊब शोषतो. मधला थर हवा कोंडून ठेवायला, म्हणजे फ्लीस किंवा लोकरीचा स्वेटर. बाहेरचा थर वारा अडवायला. ओउलू समुद्रकाठी आहे, आणि वारा हिशेब बदलतो. उणे 10 मध्ये सेकंदाला 10 मीटरचा वारा असेल तर उघड्या गालाला उणे 20 सारखं लागतं. मुलीला थंडी वाजते का हे हात चाचपून कळत नाही, हात नेहमीच गार लागतात. मानेमागे बोट घालून बघा. तिथे ऊब असेल तर ठीक, घाम असेल तर एक थर काढा, गार असेल तर घाला.

बोटांचे हातमोजे लहान मुलांना नकोत, एकत्र बोटांचे लोकरीचे मोजे आणि त्यावर वारा अडवणारे दुसरे. मफलर नको, पाळणाघरात चालत नाही, झोपाळ्यात किंवा घसरगुंडीवर अडकून गळ्याला फास बसू शकतो. डोकं-कान-मान झाकणारी एकसंध टोपी मिळते, ती घ्या. बुटात लोकरी मोजा घातल्यावर बोटांपुढे 1 ते दीड सेंटिमीटर जागा राहिली पाहिजे. घट्ट बूट म्हणजे गोठलेली बोटं, बूट कितीही महाग असो. गालावर किंवा नाकावर पांढरा ठिपका दिसला तर उघड्या गरम हाताने नुसतं झाका, चोळू नका आणि बर्फ तर लावूच नका.

पाळणाघरात मुलांना रोज बाहेर खेळायला नेतात, साधारण उणे 15 पर्यंत तरी, पावसातही. सुरुवातीला आयांना हे निर्दयी वाटतं. मात्र तिथे वाळवायची कपाटं असतात आणि बायकांचा हात बसलेला असतो. तुमचं काम म्हणजे प्रत्येक कपड्यावर नाव लिहिणं, मोज्यांच्या तीन जोड्या देणं, आणि एप्रिल-ऑक्टोबरसाठी रबरी चिखलाचा पोशाख घेणं. अर्जाची मुदत लक्षात ठेवा: पाळणाघर हवं त्याच्या 4 महिने आधी अर्ज करायचा असतो. अचानक नोकरी किंवा शिक्षण सुरू झालं तर किमान 2 आठवडे. तुम्ही नोकरी शोधणार असाल तर येताच अर्ज टाका. शाकाहारी असाल तर अर्जातच लिहा, अंड्याचं काय तेही स्पष्ट लिहा, कारण इथल्या शाकाहारात अंडं धरतात. नवऱ्याला कंपनीकडून मिळणारी आरोग्यसेवा सहसा त्याच्यापुरतीच असते हेही ध्यानात ठेवा. तुम्ही आणि मुलगी सरकारी आरोग्यकेंद्रात आणि नेउवोलात जाल. तातडीचं पण जिवावरचं नसेल तर आधी 116117 ला फोन, जिवावरचं असेल तर 112.

पायाखालच्या बर्फाबद्दल लोक उलटा अंदाज करतात. उणे 20 ला बर्फ कोरडं असतं, बुटाखाली कुरकुरतं, पाय फारसा घसरत नाही. धोका उणे 2 ते अधिक 1 च्या मध्ये असतो, जेव्हा बर्फावर पाण्याचा पातळ थर असतो, आणि त्यावर ताजा भुरभुर बर्फ पडून खालचा गुळगुळीतपणा झाकला जातो. हवामान बघताना किमान तापमानापेक्षा शून्याच्या जवळचे दिवस बघा. तळव्याला खिळे असलेले बूट घ्या, किंवा बुटावर चढवायचे खिळ्यांचे पट्टे. पट्टे दुकानात शिरताना काढा. फरशीवर तेच खिळे घसरवतात, आणि पडलेली बरीच माणसं बर्फावर नाही, दुकानाच्या दारात पडलेली असतात. मार्च-एप्रिलमध्ये दिवसा वितळतं आणि रात्री पुन्हा गोठतं, म्हणून सकाळी आठची वेळ वाईट. त्याच दिवसांत छपरांवरून बर्फाचे थर कोसळतात. फुटपाथवर पट्टी किंवा आडवा बांबू दिसला तर पलीकडून जा, तो उगाच ठेवलेला नसतो. अंधारात जॅकेटला परावर्तक लटकवणं कायद्याने बंधनकारक आहे. गडद कपड्यातला माणूस गाडीवाल्याला साधारण 50 मीटरवर दिसतो, परावर्तक असेल तर 150 मीटरवर. मुलीच्या दोन्ही बाजूंना एकेक, गाडीच्या दिव्याच्या उंचीला, म्हणजे गुडघ्याच्या आसपास.

गाडीची घाई करू नका. सायकलचे रस्ते इथे बर्फ पडल्यावर लवकर साफ होतात आणि लोक बाराही महिने सायकल चालवतात. मात्र पहिल्या हिवाळ्यात खिळ्यांचे टायर न लावता सायकल काढू नये. दोन्ही परवडत नसतील तर किमान पुढचा, कारण पुढचं चाक सरकलं की सावरता येत नाही. तरीही गाडी घेतलीतच, तर खांबावरच्या सॉकेटला इंजिन हीटर लावायची वेळ तापमानावर ठरते: उणे 5 ते 10 ला एक तास, उणे 20 पर्यंत दोन, त्याखाली तीन. रात्रभर लावणं म्हणजे नुसती वीज जाळणं. निघताना वायर खांबाकडून काढा, गाडीकडचं टोक मोकळं लोंबकळत ठेवू नका, त्यात वीज असते.

शेवटी सामान. युरोपीय संघाबाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ आणायला बंदी आहे, म्हणजे तूप, पेढे, बर्फी, खवा सगळं पुण्यातच ठेवा. तूप इथल्या बिनमिठाच्या लोण्याचं घरी कढवा, उत्तम होतं. ताजा कढीपत्ता, मिरच्या, आंबे रोपप्रमाणपत्राशिवाय येत नाहीत. वाळवलेला कढीपत्ता चालतो, नारळही चालतो. ताकासाठी दुकानात पीमॅ मागा, त्यात जिरं-मीठ घातलं की झालं. भाकरीचं पीठ थोडं आणा. ते संपल्यावर इथली रिएस्का ही जवाची चपटी भाकरी तव्यावर गरम करून पिठल्याबरोबर खाऊन बघा.

मिक्सर आणा, वीज आपल्यासारखीच 230 व्होल्ट आणि 50 हर्ट्झ आहे. फक्त आपली गोल तीन पिनांची पिन इथल्या सॉकेटात बसत नाही, आणि विमानतळावरचा स्वस्त ॲडॅप्टर अर्थिंग जोडत नाही. अर्थिंगसहचा घ्या किंवा इथे पिन बदलून घ्या. कुकर आणि तवा ठरवण्याआधी नवऱ्याला शेगडीचा फोटो पाठवायला सांगा. इंडक्शन असेल तर तळाला चुंबक चिकटतं का ते घरीच बघा, ॲल्युमिनियमचा कुकर त्यावर तापत नाही. साधी काचेची शेगडी असेल तर सपाट तळाचं काहीही चालतं, आणि फुलके जाळीवर फुगवता येतात. इंडक्शनवर ती जाळी निरुपयोगी आहे, तिथे पोळी तव्यावरच फडक्याने दाबून फुगवायची.

दिवाळीला नवरा एकटाच असेल. बाल्कनीत पणत्या लावायला हरकत नाही, वाऱ्याचा आडोसा बघून आणि त्यांच्याजवळ बसून. फटाक्यांना मात्र 31 डिसेंबरच्या संध्याकाळी 6 ते रात्री 2 सोडून परवानगी घ्यावी लागते. त्याला तसं आधीच सांगा, नाहीतर दुकानात न मिळालेले फटाके तो तुम्हाला सामानातून आणायला सांगेल, आणि ते विमानात चालत नाहीत.